नाताळची सुट्टी आणि आपला धुंधुरमास

डिसेंबर अर्ध्यावर आला की शहरांतील दुकानांच्या काचांमागे कागदी चांदण्या लुकलुकू लागतात, शाळांच्या स्नेहसंमेलनांतून लाल डगल्यातला पांढऱ्या दाढीचा म्हातारा पाठीवर पोतडी घेऊन अवतरतो, आणि संध्याकाळी दप्तर खाली ठेवता ठेवता घरातले धाकटे मूल विचारते, "आई, आपल्याकडे नाताळला काय करतात ग?" तुळशीला पाणी घातल्यावाचून ज्या घरात चहाचे आधण चढत नाही, चतुर्थीचा उपास ज्या घरात तीन पिढ्या चुकलेला नाही, अशा घरांतूनही हा प्रश्न आता ऐकू येऊ लागला आहे. कोणी तो हसून टाळतो, कोणी मुलावर रागावतो, तर कोणी कोपऱ्यावरच्या दुकानातून प्लास्टिकचे झाड आणून बैठकीच्या खोलीत उभे करतो. आम्हांस वाटते की, या तिन्ही उत्तरांत त्या प्रश्नाकडे नीट लक्ष दिले जात नाही. या दिवसांत इतरांच्या घरी सगळी माणसे मिळून काहीतरी करतात, तसे आपल्या घरी काय असते, हे त्या मुलास हवे असते. त्याला सांगण्यासारखे आपणांपाशी काही आहे काय, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

हा विचार आमच्या मनात घोळू लागला तो महाड तालुक्यातील तुडील या गावी. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपूर आणि महाड ओलांडून खाली उतरते आणि भरती-ओहोटीच्या पाण्याने तिची खाडी होते. त्या खाडीच्या आसमंतातील गावांना खाडीपट्टा म्हणतात, आणि तुडील हे त्यांपैकीच एक. गेल्या वर्षी ऐन थंडीत आमचे तिकडे जाणे झाले. भाताची कापणी-झोडणी आटोपली होती, शेतांतून उरल्या ओलाव्यावर वाल उगवून आला होता, आणि सकाळच्या धुक्यात गाव अगदी निवांत होते. पण हा निवांतपणा बराचसा कुलपांचा होता. घरामागून घर बंद. ओटीवर धूळ, अंगणात पाचोळा, वृंदावनातली तुळस पाण्यावाचून करपलेली. एका घरी एक वृद्ध माउली भेटल्या. त्यांच्या कनवटीला किल्ल्यांचा जुडगा होता; भावकीतल्या दोन घरांच्या किल्ल्याही त्यांच्याकडेच होत्या. संध्याकाळी स्वतःच्या देवापुढे दिवा लावून झाला की त्या उरलेल्या दोन घरांची दारे उघडून तेथील देव्हाऱ्यापुढे वात लावून येत. आम्ही कौतुक केले तेव्हा त्या म्हणाल्या, "बाबा, किल्ल्या काय, मी गेल्यावर कोणीतरी खुंटीवरून उचलील. पण कोणत्या देवाला काय लागते, कोणत्या दिवशी काय करतात, ते मी कोणाच्या हाती देऊ? पोरे येतात ती गणपतीला आणि शिमग्याला. तेव्हा इतकी घाई असते की सांगायला सवड मिळत नाही."

कोकणातल्या गावोगावी हेच बोल ऐकू येतील. गौरी-गणपतीला घरे भरतात. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी दारी येते तेव्हा पुन्हा भरतात. हे दोन्ही सण म्हणजे कोकणचा प्राण आहे, आणि ते आजही ज्या निष्ठेने होतात त्याबद्दल आमच्या चाकरमानी बांधवांचे करावे तेवढे कौतुक थोडेच. परंतु हे दोन्ही सण गर्दीचे, धावपळीचे, मानपानाचे. मखर, आरास, आरत्यांच्या फेऱ्या, भजनी मंडळांची ये-जा, पालखीची वाट पाहणे, आलेल्या-गेलेल्यांचे पाहणे, यांत आजीने नातवाला जवळ बसवून चार गोष्टी सांगाव्यात एवढी फुरसत खरोखरीच उरत नाही. परतीच्या गाडीची वेळ तर आल्या दिवसापासून डोक्यावर टांगलेली असते.

याला कोणा एकाचा दोष म्हणता येणार नाही. या भागातील माणूस पोटासाठी मुंबईला जाऊ लागला त्याला आता कितीतरी पिढ्या लोटल्या. लालबाग-परळच्या चाळींतून गावकीच्या खोल्या होत्या. एका खोलीत गावचे वीस-पंचवीस गडी राहत आणि गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपत. बायका-मुले मात्र गावीच असत. त्यामुळे कमावता पुरुष मुंबईत असला तरी घर गावात जागे होते, देव गावात होते, चूल गावात पेटत होती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर त्या चाळींतला संसार उधळला. पुढे डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरार येथे लहान लहान घरे झाली, आणि हळूहळू बायका-मुलेही तिकडे गेली. संसार एकत्र नांदू लागला, ही समाधानाची गोष्ट. पण त्याच वेळी गावच्या चुलीत राख थंड होऊ लागली. १९९८ साली कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला. वीर, सापे-वामणे, विन्हेरे या स्थानकांमुळे महाड तालुका मुंबईला जवळ आला. रस्ता जवळ झाला, तरी घर मात्र जवळ आले नाही. ते वर्षातून दोनदाच उघडते.

येथे नाताळच्या त्या प्रश्नाकडे वळू. ख्रिस्ती बांधवांच्या घरी हा सण कसा होतो, हे आपण दुकानांच्या काचांमधून पाहतो, म्हणून आपणांस तो झाडांचा, दिव्यांचा आणि खरेदीचा सण वाटतो. त्यांच्या घरात जाऊन पाहावे. गोव्यात नाताळच्या काही दिवस आधी लहान भांड्यांतून नाचणी पेरतात. ती रुजून हिरवीगार झाली की येशूच्या जन्माचा देखावा दाखवणाऱ्या गोठ्याभोवती शेत म्हणून मांडतात. आपल्या घरी नवरात्रात घटाभोवती धान्य रुजत घालतात, त्याची आठवण कोणाला होणार नाही? वसईच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांतून गवतकाडीचा गोठा मुले स्वतः बांधतात, घरोघर फराळाचे होते, मध्यरात्रीच्या प्रार्थनेस सारे कुटुंब मिळून जाते, आणि दुसऱ्या दिवशी शेजारी-पाजारी ताटे पोहोचतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. पण त्यांनी अभंग आणि कीर्तन सोडले नाही. ज्या वळणाने आपल्या घरची भक्ती चालत आली, त्याच वळणाने त्यांनी नवी भक्ती गाइली. माणसाचे मन घरच्या रीतीत किती खोल रुजलेले असते, याची याहून बोलकी साक्ष कोणती? त्यांचा धर्म त्यांचा, आपला धर्म आपला. शेजाऱ्याच्या सणाला मनापासून शुभेच्छा द्याव्यात, बोलावले तर जावे, आणि एक गोष्ट मात्र शिकून यावे की, हे सारे घरात होते, हातांनी होते आणि मुलांसह होते.

आणखीही एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. ज्या प्रथा आज अनादी वाटतात त्या बहुधा कोणीतरी, कोणत्या तरी वर्षी, एखाद्या साध्या गरजेपोटी सुरू केलेल्या असतात. येशूजन्माचा जिवंत देखावा संत फ्रान्सिस यांनी इटलीतील ग्रेच्चो या खेड्यात १२२३ साली मांडला. खरा बैल, खरे गाढव आणि गवताने भरलेली गव्हाण, एवढेच त्याचे साहित्य. जर्मनीत हांबुर्ग शहरी योहान हिन्रिख विखर्न हे गृहस्थ गरीब मुलांचे एक वसतिगृह चालवीत. नाताळ किती दिवसांवर आला, असे मुले रोज विचारून त्यांना भंडावीत. तेव्हा १८३९ साली त्यांनी गाडीचे एक जुने चाक घेतले, त्यावर रविवारसाठी चार मोठ्या आणि इतर दिवसांसाठी लहान मेणबत्त्या लावल्या, आणि रोज एक पेटवावयाची असे ठरविले. मुलांची उत्सुकता दिव्यांत मोजली गेली. आज जगभरच्या ख्रिस्ती घरांतून नाताळपूर्वीच्या चार रविवारी चार मेणबत्त्या लागतात, त्यांचे मूळ एका शिक्षकाच्या या युक्तीत आहे. ज्या सजविलेल्या झाडाची आपल्या मुलांना भूल पडते, ते मुळात जर्मन घरांतले. १८४८ साली राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे झाडाभोवती उभे असलेले चित्र लंडनच्या एका साप्ताहिकात छापून आले आणि मग ते इंग्रजांच्या घरोघरी शिरले.

आपल्याकडेही हेच घडले आहे. पंढरीची वारी पुरातन; पण तुकोबारायांच्या पादुका पालखीत ठेवून दिंडीने नेण्याची रीत त्यांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली घातली. श्रीगणेश घरोघर पुजला जातच होता. त्याचा सार्वजनिक उत्सव लोकमान्यांनी १८९३ पासून सर्वत्र रुजविला. दिवाळीच्या फराळाबरोबर दिवाळी अंक हवाच, ही आवड १९०९ साली का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाने लावली. यांतील कोणाही आरंभकर्त्याने, आपल्या पूर्वजांनी हे केले नव्हते म्हणून हात आखडता घेतला असता, तर आज आपण कितीतरी गोष्टींना मुकलो असतो. तेव्हा 'आमच्यात अशी पद्धत नाही' हे उत्तर पुरेसे नाही. नसेल, तर यंदापासून पाडावी. आणि येथे तर नवे काही काढावयाचीही गरज नाही. जे होते आणि आपल्या निष्काळजीपणाने निसटले, तेच पुन्हा उचलावयाचे आहे.

ते म्हणजे धुंधुरमास. सूर्य धनु राशीत प्रवेश करतो तो साधारणतः १६ डिसेंबरच्या सुमारास, आणि मकर राशीत जातो तो १४-१५ जानेवारीस. मधला महिना तो धनुर्मास. आपल्या घरांत त्यालाच धुंधुरमास, कोठे झुंझुरमास म्हणत आले आहेत. या महिन्यात भल्या पहाटे उठून, स्नान करून, सूर्योदयापूर्वी स्वयंपाक सिद्ध करावयाचा, श्रीविष्णूला त्याचा नैवेद्य दाखवावयाचा आणि सूर्य उगवतो न उगवतो तोच साऱ्यांनी एका पंक्तीत बसून तो प्रसाद सेवन करावयाचा, असा हा आचार. मुगाच्या डाळीची वाफाळती खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, वांग्याचे भरीत, गूळ, शेंगा-वाटाण्यांची मिसळीची भाजी, हे या नैवेद्याचे पदार्थ. थंडीत भूक प्रखर असते, शरीराला उष्मा आणि स्निग्धता हवी असते, आणि शेतांतून हाच माल तेव्हा घरात येत असतो. पूर्वजांनी देवाची पूजा, ऋतूचा आहार आणि कुटुंबाची पंगत या तीन गोष्टी एकाच पहाटेत बसविल्या. तमिळ देशात याच मासाला मार्गळी म्हणतात. तेथे दारापुढे रांगोळ्या रेखतात आणि आंडाळ या संत कवयित्रीच्या तिरुप्पावै या रचनेतील तीस पदांपैकी रोज एक, अशी महिनाभर पहाटे म्हणतात. सारा दक्षिण देश ज्या महिन्यात देवासाठी पहाटे जागा होतो, त्या महिन्यात आपण आपल्या मुलांना, आपल्याकडे या दिवसांत काही नसते, असे सांगावे काय?

त्याच सुमारास मार्गशीर्षही चाललेला असतो. श्रीभगवंतांनी गीतेच्या दहाव्या अध्यायात सर्व मासांत मार्गशीर्ष ही आपली विभूती म्हणून सांगितली आहे. चंपाषष्ठी, गीताजयंती, पौर्णिमेची दत्तजयंती आणि दर गुरुवारचे श्रीमहालक्ष्मीचे व्रत याच महिन्यातले. त्या गुरुवारच्या व्रताकडे क्षणभर पाहावे. कलश मांडावा, त्यात पाच झाडांच्या डहाळ्या आणि वर नारळ ठेवावा, भद्रश्रवा राजा आणि सुरतचंद्रिका राणी यांची कथा वाचावी, आणि शेवटच्या गुरुवारी सुवासिनींना बोलावून फळ आणि पोथीची एक एक प्रत द्यावी, एवढाच त्याचा विधी. परंतु ती पोथी हाती देण्याच्या रीतीनेच हे व्रत एका घरातून दुसऱ्या घरात गेले. जिला प्रत मिळाली तिने पुढल्या वर्षी कलश मांडला. ना सभा, ना प्रचारक, ना वर्गणी! घरची प्रथा कशी पसरते आणि कशी टिकते, याचा हा धडा आपल्या माता-भगिनींनी आपल्याला शिकवून ठेवलेला आहे.

आता आम्ही एक सूचना करतो. इंग्रजी माध्यमाच्या शाळांना नाताळची आठ-दहा दिवसांची सुट्टी असते. मराठी शाळांना २५ डिसेंबरचा एक दिवस तरी मिळतो. हे दिवस नेमके धुंधुरमासाच्या ऐन मध्यावर येतात. महाड-पोलादपूर भागातील जी कुटुंबे मुंबईकडे राहतात, त्यांनी या सुट्टीत दोन रात्रींसाठी गावचे घर उघडावे. मोठा समारंभ नको, मंडळाची बैठक नको, वर्गणी नको. पहिल्या दिवशी घर झाडावे, अंगण सारवावे, तुळशीला माती-पाणी घालावे. दुसऱ्या दिवशी एक पहाट धुंधुरमासाची करावी. त्या सुमारास आपल्याकडे सूर्योदय सकाळी सातच्या आसपास होतो; म्हणजे साडेचार-पाचला उठले तरी पुरते. खाडीपट्ट्यात बाजरी पिकत नाही, तेव्हा ती विकत आणलीच पाहिजे असा आग्रह नको. आपल्या शेतातल्या नव्या तांदळाची खिचडी, तांदळाची किंवा नाचणीची तीळ लावलेली भाकरी आणि वालाची उसळ यांचा नैवेद्य देवाला काही उणा नाही. किंबहुना आपल्या मातीत पिकलेले ते आपल्या देवाला, हाच नैवेद्याचा खरा अर्थ होय.

नैवेद्य दाखविण्यापूर्वी दासबोधाचा एक समास मोठ्याने वाचावा, अशी आमची विशेष विनंती आहे. ज्या शिवथरघळीत श्रीसमर्थांनी सांगावे आणि कल्याणस्वामींनी लिहावे अशा रीतीने हा ग्रंथ सिद्ध झाला असे परंपरा मानते, ती घळ याच महाड तालुक्यात आहे. समर्थवाङ्मयाचे थोर संशोधक शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० साली ती पुन्हा उजेडात आणली. दासबोधाचे दशक वीस आणि समास दोनशे. रोज एक वाचला तर दोनशे दिवसांत ग्रंथ पुरा होतो. वर्षातून एक पहाट वाचला तर पुरा होणार नाही हे खरे. परंतु ज्या मुलाने तो समास आजोबांच्या आवाजात, कंदिलाच्या उजेडात ऐकला, ते मूल पुढे केव्हातरी उरलेले एकशे नव्व्याण्णव उघडून पाहील, असा आमचा विश्वास आहे.

संध्याकाळसाठी तर रायगड जिल्ह्याने आपल्याला एक मौज देऊन ठेवली आहे. वालाच्या शेंगा भरू लागल्या की शेताच्या बांधावर पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर ओवा-मीठ लावलेल्या शेंगा, कांदे, बटाटे, रताळी, वर पुन्हा पाला दाबून मडके उपडे घालावयाचे आणि भोवती गवत-पाचोळा पेटवावयाचा. अर्ध्या तासाने मडके उघडले की जो सुगंध सुटतो, त्यापुढे दुकानातला कोणताही केक फिका पडावा. देवाधर्माच्या दिवशी ही पोपटी शाकाहारी ठेवावी, एवढेच पथ्य. शेकोटीभोवती बसून शेंगा सोलता सोलता आजी जे सांगेल ते कोणत्याही पुस्तकात छापलेले नाही. आपले कुलदैवत कोणते, त्याला काय चालते, काय चालत नाही, पालखीच्या वेळी आपल्या घराण्याकडे कोणता मान आहे, पणजोबा कोणत्या साली मुंबईस गेले आणि कसे गेले, हे सारे त्या शेकोटीभोवतीच विचारून घ्यावे. आणि मोठ्या मुलाने ते वहीत उतरवून घ्यावे. त्या वृद्ध माउलींना पडलेल्या प्रश्नाला आम्हांस सुचलेले उत्तर ते हेच.

आता एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे. जुना धुंधुरमास का मागे पडला, याचा प्रामाणिक विचार केला तर एक कारण घरातच सापडते. पहाटे तीनला उठून गार पाण्याने स्नान करावयाचे ते सुनेने, धुराने डोळे लाल करून घ्यावयाचे ते सुनेने, आणि ऊन-ऊन खिचडीवर लोणी घेऊन पहिल्या पंक्तीत बसावयाचे ते पुरुषांनी. अशा व्रताचे पुण्य कोणास लागत असेल ते देव जाणे. पण नोकरी करणाऱ्या, लोकलच्या गर्दीत रोज चेंगरणाऱ्या आजच्या गृहिणीवर पुन्हा तोच भार घालावयाचा असेल, तर ही प्रथा सुरूच न केलेली बरी. आमच्या मते ज्या पहाटे घरातले सारे उठतात तीच धुंधुरमासाची पहाट. पुरुषांनी पाणी भरावे, चूल पेटवावी, भांडी घासावीत. मुलांपैकी एकाने तुळशीपुढे रांगोळी काढावी, दुसऱ्याने फुले आणावीत, तिसऱ्याने घंटा वाजवावी. आणि पंक्ती दोन नकोत, एकच असावी, तिच्यात रांधणारी माउलीही बसलेली असावी. मुलास नेमून दिलेले काम फार मोलाचे असते. ज्याच्याकडे घंटेचे काम आहे तो पुढल्या वर्षी नोव्हेंबरातच विचारतो की, यंदा केव्हा जावयाचे? प्रथा पुढे चालते ती या विचारण्यातून.

ज्यांचे गाव फार दूर आहे, ज्यांचे घर पुरात वा दरडीत गेले आहे, किंवा ज्यांना रजाच मिळत नाही, त्यांनी हताश होऊ नये. या तालुक्याने २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते येथे आणि २०२१ च्या जुलैत तळिये येथे डोंगर खाली आलेला पाहिला आहे. कित्येकांना उघडावयास घरच उरले नाही. परंतु देव घराच्या भिंतींत कोंडलेला नसतो. विरारच्या एका खोलीत, गॅसच्या शेगडीवर, खिडकीतून जेवढा सूर्य दिसेल तेवढ्याच्या साक्षीने ही पहाट होऊ शकते. परदेशी गेलेल्या मुलांनाही ती करता येईल. तेथे तर त्या दिवसांत सारा देशच सुट्टीवर असतो आणि आपले एकटेपण अधिकच जाणवते. खिचडी शिजवावयास आणि देवापुढे समई लावावयास कोणत्याही देशात आडकाठी नाही.

दोन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. पहिले असे की, ही प्रथा कोणाच्या नाताळला उत्तर म्हणून सुरू करू नये. ईर्षेने लावलेले झाड ईर्षा ओसरली की सुकते. आपल्या देवाची ओढ एवढेच कारण पुरेसे आहे. खाडीपट्ट्यातील अनेक गावांत वाडी आणि मोहल्ला शेजारी-शेजारी नांदतात, आणि सणासुदीला ताटांची देवाणघेवाण होते. ती शहाणी रीत या पहाटेलाही लागू करावी, आणि प्रसादाची पहिली भाकरी शेजारी पाठवावी. दुसरे पथ्य असे की, आरंभ लहान असावा आणि खंड पडू नये. पहिल्या वर्षी वीस पदार्थ केले आणि दुसऱ्या वर्षी थकून काहीच केले नाही, तर मुलाच्या लेखी ती एक सहल ठरते. एकच भाकरी असावी, पण ती दरवर्षी असावी. ज्या वर्षी घरात दुःख असेल, पैसा नसेल, आजारपण असेल, त्या वर्षी नुसता दिवा लावून गूळ-तिळाचा नैवेद्य दाखवावा. आणि त्या पहाटेपुरता मोबाईल फडताळात ठेवावा. छायाचित्रे काढण्याच्या नादात नैवेद्य थंड होतो, आणि आजीचे बोलणेही अर्ध्यावर तुटते.

तुडीलहून निघताना त्या माउलींनी आम्हांस ओटीवरून हात केला, आणि मग त्या सावकाश शेजारच्या बंद दाराकडे वळल्या. संध्याकाळची वेळ झाली होती. कुलूप उघडल्याचा आवाज आला, आणि थोड्याच वेळाने त्या अंधाऱ्या घराच्या आतून एक बारीकसा उजेड बाहेर सांडला. त्या घरातली मुले त्या क्षणी मुंबईच्या कोण्या उपनगरात असतील, आणि आपल्या देवापुढे आज वात लागली हे त्यांना ठाऊकही नसेल. यंदाच्या नाताळच्या सुट्टीत त्या तीन घरांपैकी एका घरी तरी पहाटे माणसांचा आवाज व्हावा, चुलीवर खिचडी शिजावी, कोणा लहान हाताने घंटा वाजावी, आणि त्या माउलींना एका दिवसापुरती तरी आपल्या कनवटीची एक किल्ली घरच्या माणसाच्या हाती देता यावी. वाचकांपाशी आमचे मागणे एवढेच, आणि श्रीचरणी प्रार्थनाही तीच.